वेखंडेई जातीचा बांबू

१४ जुलै, सकाळी
आजपासून राग बंद. शास्त्रज्ञाला राग परवडत नाही.
घरामागच्या बांबूच्या बेटाबद्दल आता खात्री झाली. काटे कळकाचे, काठी मात्र मेसासारखी भरीव. म्हणजे कधीतरी बांबूच्या या दोन्ही जाती, कळक आणि मेस, एकाच वर्षी फुलल्या आणि नैसर्गिक संकर झाला. डीएनए टेस्टने सिद्ध करायचं. नाव ठरलं आहे: वेखंडेई. आडनाव माझं असलं तरी मान शहापूर तालुक्याचा.

१६ जुलै
कोवळे कोंब सॅम्पल म्हणून फ्रीजमध्ये ठेवले होते. छायाने त्यांची भाजी केली. बायको आहे की शत्रू? जगातला पहिला वेखंडेई आम्ही भाकरीबरोबर खाल्ला. मी खाल्ला तो निषेध म्हणून. परत वाढून घेतला तोही.

३ ऑगस्ट
पानं पुण्याच्या लॅबला पाठवली. तिथल्या मॅडमनी बजावलं होतं, एका पाकिटात एकाच काठीची पानं घाला. हे मला सांगतात! मुरबाडच्या कॉलेजात मी बॉटनी शिकवतो! भर पावसात काटे, डास, चिखल. हाताला लागली ती पानं ओरबाडली आणि एका पाकिटात कोंबली. बेट एकच, मग काठी कुठली का असेना.

२१ सप्टेंबर
थोरला भाऊ भगीरथदादा आला. त्याच्या भाविकाचं लग्न डिसेंबरात. पुतणी माझी लाडकी, आनंदच आहे. पण दादाला मुहूर्तमेढीला घरच्या बेटातलाच बांबू हवा. म्हणे आजोबांपासून घरातल्या प्रत्येक लग्नाची मेढ इथलीच. "तुझ्या लग्नाची पन हितलीच व्हती रे."
म्हटलं, कोयता लावलास तर याद राख. बेट आता विज्ञानाच्या मालकीचं आहे.
दादा म्हणाला, "काठी मागतोय, किडनी नाय."
मी अजिबात चिडलो नाही. फक्त बेटाभोवती काटेरी तार मारली.

२२ सप्टेंबर
तारेत माझीच पँट फाटली. दादामुळे.

१८ ऑक्टोबर
लॅबचा मेसेज! सॅम्पलमध्ये कळकाचाही डीएनए, मेसाचाही! पुढची तपासणी चालू आहे म्हणे. कसली पुढची? झालं की सिद्ध! स्टाफरूममध्ये पेढे वाटले. दोघांनी पेढा घेताना विचारलं, मुलगा झाला का. मूर्ख.
भाविकाला सांगितलं, तुझ्या काकाच्या नावाचा बांबू येतोय. ती म्हणाली, "काका, मंग त्यातली एक काठी द्या ना." ह्या पिढीला विज्ञानाचं सोयरसुतक नाही. नाही म्हणालो. बरोबरच केलं.

११ नोव्हेंबर
मॅडमचा फोन. प्रत्येक पान वेगळं तपासलं म्हणे. काही शुद्ध कळक, काही शुद्ध मेस. संकर एकातही नाही. "सर, एकमेकांत घुसलेली दोन बेटं असणार."
खोटारडी बाई! माझा शोध लाटायचाय! संतापाने कोयता घेऊन बेटात शिरलो, अंग सोलवटत थेट बुडापर्यंत.
बुडं दोन निघाली.
हे कुणाला सांगायचं नाही. तार राहू दे.

३ डिसेंबर
दादाच्या दारात मेढ रोवली. बांबू गावातल्या लडकूच्या वाडीतून मागून आणला. आमच्या घरच्या मेढीला लोकाचा बांबू! लाज नाही वाटत? मला बोलावणं होतं, गेलो नाही. तत्त्वाचा प्रश्न. छाया गेली, तिला तत्त्वं नाहीत. दिवसभर चिडचिड झाली. जेवलो नाही, कारण घरात कोणी नव्हतं.

५ डिसेंबर
लग्न.
पहाटे तार मीच तोडली. बेटातला सर्वांत सरळ बांबू तोडून खांद्यावर घेतला आणि दादाच्या दारात गेलो. मेढ तर परवाच झालेली, मांडव लोखंडी पाइपांचा. बांबूकडे कोणी बघेना. वाटलं, दादा आता चार शिव्या देईल. मीही उत्तरं तयार ठेवली होती. तो नुसता म्हणाला, "आलास? बरं झालं. त्या कोपऱ्यात ताडपत्री लोंबतेय, तिथं टेकव. खड्डा नाय खणलेला, धरून ऱ्हा."
धरून राहिलो. सोडला असता तर ताडपत्री नवरदेवाच्या डोक्यावर आली असती.
मंगलाष्टकं सुरू झाली. अक्षता वाटणारा माझ्यापाशी थांबला, माझे दोन्ही हात बघितले आणि पुढे गेला.