शून्याचं दहावं वर्ष

हौक्करांता, ७ नोव्हेंबर

प्रिय मेर्याताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. जूनमधल्या शेकोटीच्या सणानंतर मी तुला एक ओळही लिहिली नाही, आणि तुझी तीन पत्रं माझ्याकडे उत्तराविना पडून आहेत. माफ कर. तुझ्या गुडघ्याची चौकशी मी डायरीत चार वेळा केली, पण डायरी टपालाने जात नाही हे माझ्या उशिरा लक्षात येतं. फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतेस, आणि त्या 'हं'समोर मला खरं बोलावं लागतं. पत्रात निदान कंस करता येतात.

मी ठीक आहे. ('ठीक' लिहून पाच मिनिटं थांबलो, शब्द खरा आहे का ते पाहायला. तब्येतीपुरता खरा आहे.) ऑगस्टपासून आइला आणि मी, दोघं नवरा-बायको, वेगळे राहतो. भांडण नाही, तिसरं माणूस नाही. एके दिवशी तिने विचारलं, "तू माझ्याशी बोलतोस ते आधी डायरीत लिहून पाहतोस का रे?" आणि मी उत्तरासाठी संध्याकाळपर्यंत वेळ मागितला. घर तिच्या वडिलांचं, त्यामुळे निघायचं कोणी यावर चर्चा झालीच नाही.

तू म्हणशील, नगरपालिकेत घरांचं टेबल सांभाळणाऱ्याला घराची काय अडचण? स्टेशनामागची पिवळी इमारत आठवते ना, एकेका खोलीची चोवीस घरं होती ती? या मार्चमध्ये ती पाडली. गाव आटत चाललंय, निम्म्या खोल्या रिकाम्या, रिकाम्या भिंतींना हिवाळाभर ऊब कशाला द्यायची, असा अहवाल गेला होता. 'एकट्या माणसासाठीच्या घरांना गावात मागणी नाही' हे त्यातलं वाक्य माझं. ते चांगलं जमलं म्हणून त्या दिवशी मी खूषही होतो, हे लपवत नाही. मार्चमध्ये इमारत गेली आणि ऑगस्टमध्ये मागणी आली. मागणी म्हणजे मी. उरलेली भाड्याची घरं तीन-चार खोल्यांची, ती कुटुंबांनाच द्यायची असा नियम आहे, आणि तोही मीच टाइप केलेला. तेव्हा मी माझा अर्ज केला, मीच तो तपासला, आणि मलाच 'कळवण्यास खेद होतो' असं पत्र पाठवलं. (खेद खरा होता. एरवी तो छापील असतो.)

सध्या मुक्काम तैमीमावशीकडे आहे. आपल्या आईच्या बरोबरीची ती नर्स. आता एकाहत्तरची आहे आणि अजूनही कोणाच्याही कपाळाला हात लावून ताप सांगते. तिच्या अंगणातल्या सौनाच्या वाफाऱ्याच्या खोलीला लागून कपडे बदलायची एक छोटी खोली आहे, तिथल्या बाकावर मी झोपतो. बाक लांब आहे, मी त्याहून वीतभर जास्त. बुधवारी आणि शनिवारी सौना तापते आणि मावशीच्या मैत्रिणी येतात, तेव्हा अंथरूण गुंडाळून मला बाहेर लाकडांच्या ढिगाशी उभं राहावं लागतं. पहिल्या बुधवारी मी संकोचाने दारात घुटमळलो, तर मावशी म्हणाली, "सरक रे बाबा. आमचं लाजायचं वय गेलं, तुझं अजून शिल्लक दिसतंय."

आता मुद्द्यावर येतो. दर पंधरा नोव्हेंबरला प्रत्येक नगरपालिका आपल्या हद्दीतले बेघर मोजून वर कळवते. आमचा तक्ता मी भरतो, आणि नऊ वर्षं त्यात शून्य आहे. या शून्याचा मला अभिमान वाटायचा, म्हणून ते कसं तयार होतं हे सांगणं मला भाग आहे. पहिला रकाना उघड्यावर राहणाऱ्यांचा. आमच्याकडे नोव्हेंबरात जो उघड्यावर राहतो, त्याची नोंद लवकरच दुसऱ्या खात्यात होते. दुसरा रात्रनिवाऱ्यात राहणाऱ्यांचा. आमच्याकडे निवाराच नाही, त्यामुळे त्यात कोणी राहत नाही. (शेजारच्या सुओपेल्तोने एकदा निवारा उघडला, तर लगेच त्यांच्याकडे सात बेघर निघाले. त्यांनी तो बंद केला, सातही नाहीसे झाले. जिल्ह्याच्या बैठकीत त्या उपायाला टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.) तिसरा रकाना संस्थांचा, आणि आमच्याकडे संस्था म्हणजे वाचनालय, ते सहाला बंद होतं. चौथा रकाना आहे 'घर नसल्यामुळे तात्पुरते नातेवाइकांकडे वा ओळखीच्यांकडे राहणारे'. हा मी नेहमी सर्वांत भराभर भरायचो.

आणि सुलो? सुलो हिएतानेन, शाळेत तुझ्या वर्गात होता, उंच, बर्फावर घसरण्यात पटाईत. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात तो माझ्या टेबलासमोर येऊन बसला. घर गेलं होतं. मी त्याला कॉफी दिली आणि तुमच्या हेलसिंकीचं बसचं तिकीट दिलं. म्हटलं, तिकडे सोयी आहेत. तो म्हणाला, "माझी आई इथल्या दफनभूमीत आहे रे, ओस्सी." मी म्हणालो, "बस दोनची आहे." (हा प्रसंग मी डायरीत नऊ वेळा लिहून पाहिला. दर वेळी बस दोनचीच निघते.) पुढच्या महिन्यात मी स्वच्छ हाताने शून्य लिहिलं.

गेल्या आठवड्यात त्याचं कार्ड आलं. तुमच्या शहराने त्याला घर दिलंय: एक खोली, शेगडी, स्वतःची किल्ली. तिकिटाबद्दल आभार मानलेत. ते कार्ड मी सौनाच्या बाकावर बसून वाचलं. ताई, जिथे बेघर शेकड्यांनी आहेत तिथे बेघराच्या हातात किल्ली पडते, आणि जिथे नऊ वर्षं एकही नाही तिथे घरांच्या साहेबाला झोपायला बाक. हे उलटं वाटतं, पण उलटं नाही. तुमच्याकडे मोजतात म्हणून बांधतात. आम्ही मोजत नाही, म्हणून पाडतो. मागे आमच्या नगरव्यवस्थापकाला, रौनोला, मी विचारलं होतं, एकेका खोलीची चार घरं तरी बांधू या का. तो खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "कुणासाठी? शून्यासाठी?"

या वर्षी दहावं शून्य. सोळा तारखेला दुपारच्या कॉफीला रौनोने समारंभ ठेवलाय, आणि बेकरीत वेलदोड्याचा गोड पाव सांगायचं काम माझ्याकडे आहे. बेकरीत दोनच आकार मिळतात: मोठं गोल कडं, नाहीतर काठीसारखी सरळ वेणी. "कडंच सांग बरं का," रौनो म्हणाला, "काठी आली तर एकचा आकडा दिसेल." मग माझ्या पाठीवर थाप मारली. "ओस्सी लेका, हे सगळं तुझ्यामुळे!" मी धीर करून विचारलं, समजा चौथ्या रकान्यात कोणी निघालाच तर? "कोण निघालाय?" "कोणी नाही. समजा." "मग त्याला तिकीट दे," तो म्हणाला आणि शिट्टी वाजवत गेला. मी बेकरीत जाऊन कडं सांगून आलो.

बाकी सर्व ठीक. (या वेळी थांबलो नाही.) भावोजींना नमस्कार. गुडघ्याला जप, तळघरातून बटाटे स्वतः आणू नकोस.

तुझा
ओस्सी

ता. क. – खरं कारण आता लिहितो, कारण वर कुठे बसवावं ते सुचलं नाही. पंधरा तारखेची रात्र तुझ्या सोफ्यावर काढली तर चालेल का? एकच रात्र. त्या रात्री मी तुझ्याकडे असलो की तुमच्या शहरात मोजला जाईन. तुमच्या शेकड्यांत एक म्हणजे दुधात थेंबभर पाणी, कोणाला कळणार नाही. इकडचं शून्य शाबूत राहील, रौनोचा समारंभ होईल, माझी नोकरीही राहील, आणि मी खोटं काही लिहिलेलं नसेल. दातांचा ब्रश पुरावा म्हणून तुझ्याकडेच ठेवून येईन. तिकीट काढायला आज जाऊन आलो. बस दोनची आहे.

ता. क. २ – पाकीट चिकटवायला मावशीकडे डिंक मागितला, तर तिने पत्र न विचारता वाचलं (लोकांचा तापही ती न विचारताच बघते). वाचून झाल्यावर चष्मा पुसत म्हणाली, "एवढा शिकलास, आणि एक माणूस लपवायला तुला दुसरं शहर लागतं?" मी म्हटलं, मावशी, लपवत नाही, फक्त मोजायची जागा बदलतोय. "म्हणजे सुलोची बदललीस तशी." मग तिने माझ्यापुढे ताटली ठेवली आणि म्हणाली, "माझ्या छपराखाली झोपतोस आणि कागदावर लिहिणार, कोणी नाही. मग तीन महिने मी बटाटे कुणासाठी उकडतेय? शून्यासाठी?"

मी जेवलो. कपाळाला हात लावून ती म्हणाली, ताप नाही.

ता. क. ३ – सोफा मांडू नकोस, ताई. पंधराला मी इथेच आहे. रौनो काय म्हणेल ते डायरीत अजून लिहून पाहिलेलं नाही, आणि पाहणारही नाही. सुलोचा पत्ता सोबत देतोय, तुझ्यापासून ट्रामने तीन थांबे. नाताळात त्याला जेवायला बोलाव, आणि त्याच्या आईच्या थडग्यावर मेणबत्ती मी लावतोय असं सांग.

उद्याचं काम: बेकरीत जाऊन कडं रद्द करणे. सरळ वेणी सांगणे.