व्हिटफर्डची यादी

टोलीडो,
९ फेब्रुवारी १९९८

प्रिय लॉरेन हिस,
धाकट्या भावाचा सा. न. वि. वि.

तुझं नाताळचं पत्र आणि गेलच्या मापापेक्षा दोन नंबर मोठा स्वेटर, दोन्ही पोचले. गेल म्हणते, नणंदेला माझ्यात अजून वाढायला जागा दिसते वाटतं. पण घालते रोज, थंडीच तशी आहे.

बातमी अशी की कारखाना मला जुलैपासून तुमच्याकडच्या शाखेत पाठवतोय. तू गाव सोडून गेलीस त्याला सव्वीस वर्षं झाली, आता मीच तुझ्या मागोमाग येतोय. गेल्या आठवड्यात आम्ही दोघं घरं बघून गेलो. तुला सांगितलं नाही, कारण तू जेवल्याशिवाय सोडलं नसतंस आणि मग घरं बघायची राहिली असती. घरं दाखवणाऱ्या मिसेस फेनविक म्हणून बाई आहेत, त्यांनी हातात एक गुळगुळीत कागद ठेवला. त्यावर तुमच्या व्हिटफर्डच्या सरकारी हायस्कुलातून गेल्या वर्षी नामवंत कॉलेजांत मिळालेल्या प्रवेशांची यादी आहे. एकूण एकसष्ट. शेजारच्या लॅमसनचे फक्त नऊ. बाई म्हणाल्या, याहून वेगळं मी काही सांगायची गरज आहे का.

कोराचं तुला माहीतच आहे. सप्टेंबरात नववीत जाईल. हिशेब तोंडी करते, पण वाचायला बसली की एका पानाला अर्धा तास. चांगली शाळा मिळाली तर सुधारेल असं गेलला वाटतं. तू तर त्याच शाळेत मुलांना पुढच्या शिक्षणाचा सल्ला देतेस, म्हणजे आत्या दाराशीच. तुझं काय मत ते लगेच कळव.

माया आहे तशीच राहू दे, ही विनंती.
तुझा,
रसेल


व्हिटफर्ड,
२० फेब्रुवारी १९९८

चि. रसेल यास,
अ. आ., आणि न सांगता येऊन गेल्याबद्दल एक कानपिचकी.

मत विचारलंस म्हणून सांगते. लॅमसनमध्ये घर घे.

त्या कागदावर एकसष्ट प्रवेश आहेत, पण मुलं एकसष्ट नाहीत. मुलं एकोणीस आहेत. प्रेस्टन हॉलिस नावाच्या एका मुलाला अकरा कॉलेजांनी बोलावलं. जाणार तो एकाच कॉलेजात, यादीत मात्र अकरा वेळा बसलाय. जिथं जायचंच नाही तिथंही अर्ज करा, असं आम्हीच मुलांना सांगतो, म्हणजे आकडा फुगतो. हे सांगणारी मीच आहे रे. आणि त्या एकोणीस जणांना तिसरीपासून घरी खासगी शिकवण्या होत्या. त्यांना गोठ्यात बसवून शिकवलं असतं तरी ती तिथंच पोचली असती. त्या यादीवरून आईबाप कळतात, शाळा कळत नाही.

गेल्या वर्षी डॉ. क्रेन आमच्या सगळ्या शाळांचे प्रमुख होऊन आले. त्यांनी शाळेच्या दाराशीच देशाचा भला मोठा नकाशा लावलाय. ज्याला जिथं प्रवेश मिळाला तिथं त्याच्या नावाची टाचणी. डेनिस वोझनियाक नावाची मुलगी वायरमनच्या कामाची चार वर्षांची उमेदवारी करणार आहे. परीक्षा देऊन, दोनशे जणांतून निवड होऊन. तिने ऑफिसात जाऊन विचारलं की माझी टाचणी कुठं लावायची. तिथल्या बाई म्हणाल्या, टाचण्या कॉलेजांसाठी आहेत, राणी. ती थोडा वेळ नकाशासमोर उभी राहून इतरांची नावं वाचत राहिली. मी माझ्या खोलीत आले, डबा उघडला आणि तसाच बंद केला. शिसारी आली, दुसरा शब्द नाही.

लॅमसनला ऑस्ट्रँडर नावाचे एक म्हातारे शिक्षक आहेत. उशिरा वाचायला लागणारी मुलं त्यांच्याकडे जातात आणि वाचायला लागतात. त्याचा कागद कुणी छापत नाही.

गेलला सांग, स्वेटर धुतला की आटेल. कोराला पापा.
पत्र आवडलं नाही तरी लोभ सोडू नकोस.
तुझी,
लॉरेन


टोलीडो,
२२ मार्च १९९८

प्रिय लॉरेन हिस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं. आम्ही घर घेतलं. व्हिटफर्डमध्ये, लिंडन स्ट्रीटवर, तुझ्यापासून चार रस्ते पलीकडे.

तुझं पत्र गेलला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ही बाई स्वतःच्याच स्वयंपाकघराला नावं ठेवते आणि पगार मात्र तिथलाच घेते. मी तुझी बाजू घेतली. पण लॉरेन, तुला मूल नाही. मूल असतं तर तूही एकसष्टच्या बाजूला गेली असतीस. नऊच्या बाजूला उभं राहून उद्या पोरगी मागे पडली, तर मी तिला काय सांगू? आत्याने लिहिलं होतं म्हणून?

झालं ते झालं. जुलैत येऊ तेव्हा तू तुझं मांसाचं कालवण कर, मी वाद घालणार नाही.
राग धरू नकोस.
तुझा,
रसेल


व्हिटफर्ड,
१२ नोव्हेंबर १९९९

चि. रसेल यास,
अ. आ. वि.

चार रस्त्यांवर राहून टपालाने पत्र पाठवावं लागतंय, कारण तू माझा फोन उचलत नाहीस. सप्टेंबरात तुझ्या अंगणात शेजाऱ्यांदेखत मी यादीबद्दल बोलले, गेलचा अपमान झाला, ते माझं चुकलं. त्याची माफी मी दारात येऊनही मागेन. पण हे पत्र पूर्ण वाच.

मंगळवारी डॉ. क्रेननी आम्हा सल्लागारांपुढे चौदा मुलांची नावं ठेवली. या मुलांना बस डेपोच्या मागच्या इमारतीत, मागे पडणाऱ्या मुलांसाठीच्या जिल्ह्याच्या पर्यायी वर्गात पाठवायचं. तिथल्या मुलांना दाखला जिल्ह्याकडून मिळतो, आमच्या शाळेकडून नाही. म्हणजे शाळा संपवणाऱ्यांतले किती टक्के कॉलेजात गेले, हे आम्ही वर्तमानपत्राला कळवतो तेव्हा ही मुलं मोजण्यातच येत नाहीत. यंदा दहावीपासूनच सुरुवात आहे. चौथं नाव कोराचं आहे.

तिचे गणिताचे गुण मी पुढे ठेवले. डॉ. क्रेन म्हणाले, गणिताबद्दल प्रश्नच नाही, पण वाचनाच्या या वेगाने ती चार वर्षांच्या कॉलेजात जाईल असं तुम्ही मला लिहून द्याल का. मग म्हणाले, तुमच्या नात्यातली आहे, तेव्हा तिच्या घरी फोन आपण दुसऱ्या कुणाला करायला सांगू. हे त्यांनी मोठ्या सौजन्याने सांगितलं.

आता जे सांगायला मला लाज वाटते ते. गेल्या वसंतात अकरावीतल्या नऊ मुलांना असंच पाठवलं. त्या नऊ घरी फोन मी केले. लहान वर्ग, जास्त लक्ष, मुलाला झेपेल असं वातावरण, हे शब्द मला टाइप करून दिले होते. मी ते वाचले, आणि आवाज इतका गोड काढला की एकाही घरात कुणी नाही म्हणालं नाही. मी स्वतःला सांगत होते की कदाचित खरंच बरं होईल त्यांचं. तिथं एकदाही जाऊन बघितलं नाही.

आईबापांच्या सहीशिवाय त्यांना काहीही करता येत नाही. सोमवारी तुला बोलावतील, चहा-कॉफी देतील, तुझं कौतुक करतील. सही करू नकोस.

नंतर हवं तर बोलू नकोस माझ्याशी.
तुझी,
लॉरेन


व्हिटफर्ड,
१५ नोव्हेंबर १९९९

लॉरेन,
न. वि. वि.

तुझं पत्र आज, सोमवारी मिळालं. बैठक त्यांनी गुरुवारीच घेतली. मी सही करून आलोय.

उपमुख्याध्यापक दारापर्यंत पोचवायला आले. त्यांनी म्हटलं ते सगळं तू पत्रात लिहिलंयस, शब्दाला शब्द. लहान वर्ग. जास्त लक्ष. गाडीत बसल्यावर गेल म्हणाली की किती विचार करतात ना ही माणसं. मीही हो म्हणालो.

तू मला मंगळवारीच सांगू शकली असतीस. चार रस्ते चालत येऊन दार वाजवलं असतंस तर मी काय तोंडावर लावलं असतं? आणि एक विचारतो. कोरा तुझी भाची म्हणून तू पत्र लिहिलंस. त्या नऊ घरांना कुणी लिहिलं?

काल रात्रीचं जेवण झाल्यावर कोराने विचारलं, बाबा, मी काय केलं?

रसेल


व्हिटफर्ड,
२० जानेवारी २०००

प्रिय लॉरेन आत्या,
सा. न. वि. वि. (बाबा तुला लिहितात तसं लिहिलंय.)

हे पत्र लिहायला मला तीन दिवस लागले, म्हणून हसू नकोस. तू भाजून पाठवलेला ॲपल पाय मिळाला. आईने तो शेजारी दिला, पण मी आधी एक तुकडा काढून घेतला होता.

इथं आम्ही सगळे मिळून बावीस जण आहोत आणि एक खोली. मिस्टर डॉब्स सकाळी छापील कागद वाटतात, दुपारी गोळा करतात. तपासत नाहीत. मी एकदा सगळ्या उत्तरांच्या जागी आमच्या कुत्र्याचं नाव लिहिलं, तरी बरोबरची खूण आली. गणिताचे कागद सहावीचे आहेत. खिडकीतून बसगाड्या धुताना दिसतात, त्या मी मोजते. वाचायचा तास नाही. मला वाचता येत नाही म्हणून पाठवलं ना? मग वाचायचा तास का नाही, असं मी विचारलं. मिस्टर डॉब्स म्हणाले, मी इथं नियमाने हजेरी घेतो, बाकी मला विचारू नकोस. ते वाईट नाहीत. दमलेले असतात.

माझ्या शेजारी यव्हॉन टली बसते, बारावीची. तिला पक्षी ओळखता येतात, नुसत्या आवाजावरून. तिच्या आईला गेल्या वर्षी शाळेतून एका बाईंचा फोन आला होता. तिची आई अजून सांगते की त्या बाई किती प्रेमाने बोलल्या, आपल्या मुलीची इतकी काळजी आजवर कुणी केली नव्हती. यव्हॉनने बाईंचं नाव सांगितलं. मी तिला सांगितलं नाही की तू माझी आत्या आहेस.

ॲपल पाय पाठवू नकोस. आई रडते आणि मग रागावते.
तुझी आठवण येते. मला विसरू नकोस.
तुझी,
कोरा


लॅमसन,
५ मार्च २०००

प्रिय लॉरेन हिस,
सा. न. वि. वि.

कोराने तुला पत्र लिहिल्याचं मला महिन्यानंतर सांगितलं. मग मी कामावर रजा टाकून बस डेपोमागच्या त्या खोलीत जाऊन बसलो. सकाळपासून दुपारपर्यंत. मिस्टर डॉब्सनी मला खुर्ची दिली, कशाला आलात ते विचारलंही नाही. त्या सबंध वेळात माझ्या मुलीशी कुणी एक शब्द बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉ. क्रेनना भेटलो. सही मागे घेतो म्हटल्यावर ते म्हणाले, अवश्य, आमचं दार कधीच बंद नव्हतं. हसतमुखाने म्हणाले. मी घरी येऊन कोराला सांगितलं, तर ती म्हणाली की त्या दारातून मी पुन्हा जाणार नाही, हवं तर डेपोत बस धुते.

म्हणून आम्ही इथं दोन खोल्या भाड्याने घेतल्या. लिंडन स्ट्रीटचं घर विकायला काढलंय. ऑस्ट्रँडर सरांनी कोराला रोज दुपारी थांबवून घ्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी त्यांनी तिला काहीही वाचायला दिलं नाही. तिला काय काय येतं ते तासभर विचारत बसले. ती घरी आली आणि जेवताना बोलतच राहिली. गेल उठून आत गेली.

तुझं ऐकलं नाही, ते चुकलं. पण त्या नऊ घरांबद्दल मी जे विचारलं होतं, ते मागे घेत नाही. राग म्हणून नाही. मला ते टोचतं, म्हणजे तुला किती टोचत असेल.

रविवारी जेवायला ये. गेलनेच सांगितलंय.
तुझा,
रसेल


व्हिटफर्ड,
१८ जून २०००

चि. रसेल यास,
अ. आ. वि.

आज तुमच्याकडे जेवताना सगळ्यांसमोर माझ्याने बोलवलं नाही, म्हणून लिहिते.

एप्रिलमध्ये शाळा-मंडळाच्या खुल्या सभेत मी उभी राहिले. बोलायला तीन मिनिटं देतात. नावं न घेता सगळं सांगितलं, मी केलेल्या फोनांसकट. अध्यक्षबाईंनी माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या सेवेबद्दल आभार मानले आणि पुढचा विषय घेतला. तो गाड्या लावायच्या जागेचा होता, त्यावर पाऊण तास चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. कुणी थांब म्हणालं नाही.

मागच्या आठवड्यात वर्तमानपत्रात शाळांची यादी छापून आली. आपण जिल्ह्यात पहिले. शिक्षकांच्या खोलीत केक कापला, त्यावर क्रीमने मोठा एकचा आकडा काढला होता. सामान न्यायला गेले होते तर मलाही एक तुकडा दिला. कागदाच्या बशीत घेऊन मी तशीच बाहेर आले आणि कचऱ्यात टाकला.

नऊ घरांपैकी आठ घरी मी मे महिन्यात जाऊन आले. त्यांतली दोन घरं गाव सोडून गेलीयत. एकाने दार लावून घेतलं. इतरांनी ऐकून घेतलं, एक बाप शिव्या देत होता, त्या मी शेवटपर्यंत ऐकल्या. टलींचं घर मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. काल गेले.

मिसेस टलींनी मला आवाजावरूनच ओळखलं. हात धरून आत नेलं, बर्फ घातलेला चहा दिला. मी बोलायला लागल्यावर आधी त्यांना कळेना. कळलं तेव्हा त्या बराच वेळ टेबल पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, हे मला नको सांगू, तिला सांग, ती वर्षभर स्वतःला मठ्ठ समजतेय. त्यांनी यव्हॉनला हाक मारली.

ती समोर येऊन बसली. मी तिला सांगितलं की तुला शिकता येत नाही म्हणून पाठवलं नव्हतं. तू कॉलेजात जाणार नाहीस असं आम्ही ठरवून टाकलं आणि आमचा आकडा घसरू नये म्हणून तुला मोजण्यातून काढलं. फोन मी केला होता.

ती रडली नाही की चिडली नाही. तिने विचारलं की आकडा किती होता. मी म्हटलं, तुम्ही सगळे राहिला असतात तर एक्याण्णव टक्के झाले असते, तुम्हाला काढल्यावर चौऱ्याण्णव झाले.

तिने मनात वजाबाकी केली. मग मला विचारलं, तीनच टक्के?

मला घरी चालत यायला खूप वेळ लागला.
गेलला आणि कोराला माझे आशीर्वाद. माझ्यावर जेवढी माया उरली असेल, तेवढी असू दे.
तुझी,
लॉरेन