एकाला खोकला, सगळ्यांना चमचा

ती. आत्यास साष्टांग नमस्कार. (खरोखर वाकूनच केला, पेनाचं टोपण टेबलाखाली गेलं होतं, दोन्ही कामं एकदम उरकली.) तुझी तब्येत कशी आहे ते मागाहून विचारते, कारण तू "मला काय धाड भरलीय" असंच कळवणार. काकांचे गुडघे नेहमीसारखेच कुरकुरत असतील.

आमच्या प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबवणारं औषध बनतंय, हे तू अख्ख्या इमारतीला सांगून मोकळी झालीच आहेस. जुनी औषधं म्हणजे एका व्रात्य पोरापायी सगळ्या वर्गाला छड्या. हे तसं नाही. पेशीत "वाढ, वाढ" म्हणून सांगणारं एक बटण असतं, ते या रोगात चालूच राहतं. आमचं औषध तेवढंच बंद करतं. (बटण म्हणजे खरं तर प्रथिन, पण मागच्या खेपेला ते फोनवर समजावताना तुझं दूध उतू गेलं होतं.) आठ महिन्यांनी परीक्षेचा दिवस उजाडला. सारख्याच पेशींच्या दोन बशा घेतल्या. एकीत औषध घालायचं, दुसरी तुलनेसाठी कोरी ठेवायची. आकड्यांनी माझा गोंधळ उडतो, म्हणून औषधाच्या बशीवर 'आत्या' लिहिलं आणि कोरीवर 'काका'.

तीन दिवसांनी बघते तर दोन्ही बशा ठप्प. कोऱ्या बशीतल्या पेशींना थांबायचं काही कारणच नव्हतं. आमच्या मॅडमनी आधी पेशी उबेला ठेवायच्या कपाटावर संशय घेतला. मेकॅनिक आला, त्याने टेबलभर स्क्रू पसरले, दोन दिवस नुसती मान हलवली आणि कपाट निर्दोष सुटलं. मग मॅडम म्हणाल्या, औषधच बाद करू या. शेवटी औषधाची कुपी उजेडात धरली, तर हवी त्याच्या दुप्पट रिकामी. थेंब मी दोन्ही बशांत टाकले होते! यात दोष तुझा आहे. मी वाढले तुझ्या घरी, आणि तिथे एकाला खोकला आला की ओळीने सगळ्यांना चमचा. दारात आलेली शेजारीणसुद्धा सुटायची नाही. वीस वर्षांचं वळण, हात आपोआप पुढच्या बशीकडे गेला. मॅडमना हे जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आत्या जबरदस्त दिसतात. आता पुन्हा कर." पुन्हा केलं. 'आत्या' जागच्या जागी थांबली, 'काका' बशीभर पसरले. मी तिथेच स्टुलावर बसून रडले.

बाकी सर्व ठीक.

तुझी भाची

ता. क. काकांचा फोन आला होता. मला काही सांगणार नाही अशी त्यांनी तुझ्यापाशी शपथ घेतली होती म्हणे, ती चार मिनिटं टिकली. छातीतली गाठ दोन महिने लपवलीस आणि तुकडा तपासायला द्यायची तारीख तीनदा चुकवलीस. मला तुझा राग आलाय, आणि भीतीही वाटतेय.

आणखी एक. आमच्या औषधाची वाट बघू नकोस, ते बशीबाहेर पडायलाच दहा वर्षं जातील. पण त्याच्यासारखी दुसरी औषधं आजही मिळतात. गाठ साधीही असेल. नसेल तर तिचं बटण कोणतं, हे तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. गुरुवारी सकाळी दहाला मी तुझ्या दारात उभी असेन. चप्पल घालून तयार राहा.

शेवटचं. तुला सोबत म्हणून काका स्वतःचीही तपासणी करून घेणार म्हणतात. त्यांना सांग, या खेपेला चमचा सगळ्यांना नाही. फक्त तुला.