इंग्रजीतलं व्हय

अण्णा,

तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग काही जात नाही. आज तर फारच आलाय. बँकेतून रिटायर झाले, क्रांती चौकाजवळच्या फ्लॅटमध्ये एकटी बसून कंटाळले, म्हणून थायलंडमधल्या या गावात तीन महिने फुकट इंग्रजी बोलायला शिकवायला आले. मास्तरांची मुलगी, जमेल, असं वाटलं. कसलं जमतंय! बारा मोठी माणसं समोर बसतात, गोड हसतात आणि तोंड म्हणून उघडत नाहीत. त्यांनी घाबरू नये म्हणून मी मान डोलवत 'व्हय, व्हय, गो ऑन' म्हणत राहते. नकळत, बरं का.

हाच शब्द माझ्या तोंडातून काढायला तुम्ही जिवाचं रान केलं होतं. वैजापूरची शाळा, पाचवीचा वर्ग. तुम्ही विचारता, "इज धिस युवर बुक?" मी म्हणते, "व्हय, अण्णा." वर्ग हसतो आणि तुम्ही मला दारात उभं करता. "घरी अण्णा, इथं सर. आन् व्हय नाय, येस म्हणायचं." घरी मात्र आईशी दिवसभर व्हय-नाय तुमचंच चालायचं! पोलीस ॲक्शनच्या आधी तुम्ही उर्दूतून शिकलात, इंग्रजी स्वतःच्या हिमतीवर कमावलीत, सगळं मान्य. पण त्याची शिक्षा मला का?

वर्गात चाळिशीची एक बाई आहे. हॉटेलात चादरी धुते, तिला काउंटरवर बसायचंय. परवा मुलाखतीहून रडवेली होऊन आली. साहेबानं विचारलं, "इंग्रजी येते?" ही म्हणाली, "व्हय." त्याला ऐकू आलं 'व्हाय', म्हणजे 'का?' "रविवारी याल?" "व्हय." "गणवेश घालावा लागेल." "व्हय." उद्धट बाई म्हणून तिला वाटेला लावलं. मी ओरडलेच, "कुणी शिकवलं तुला हे?" तिनं वही उघडली. 'येस'च्या शेजारी त्यांच्या लिपीत काहीतरी लिहिलेलं. ते वाचून दाखवलं, 'व्हय', आणि माझ्याकडं बोट केलं. मग बाकीच्यांनीही वह्या उघडल्या. एकूणएकानं लिहून घेतलं होतं!

"तो शब्द आमच्याकडचा, चूक माझी," एवढंच म्हणायचं होतं. आणि मी म्हणाले काय? "ही जुनी इंग्रजी आहे. हल्लीच्या साहेबांना कळत नाही." तोच शब्द अस्सल समजून बिचारी खूश होऊन घरी गेली. अण्णा, हे वाक्य माझं नाही. तुम्ही शिकवलेल्या चुकीच्या 'डिस्कस अबाउट'वरून बँकेच्या पहिल्याच मुलाखतीत मला टोकलं, तेव्हा घरी येऊन मी रडत होते. पेपरातून मान वर न करता तुम्ही म्हणालात, "जुनी इंग्रजी हाय ती. त्या साहेबाला काय कळतंय!" 'माझं चुकलं, पोरी,' एवढं ऐकायला मी तुम्ही जाईपर्यंत थांबले.

उद्या सकाळी दहाला तिची दुसऱ्या हॉटेलात मुलाखत आहे, तिथंही ती व्हयच म्हणेल. ती इथून दोन गल्ल्यांवर राहते. तिच्या दारात जायचं सोडून, कुठंच न पोचणारं हे पत्र मी दुपारपासून लिहीत बसलेय.