अमिषाचा अभ्यास आणि तुमची गाडी

रेवस, शुक्रवार

तीर्थरूप धर्मादादा यांस,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो फक्त कागदावर. खरोखर घातला तर उठवायला तुमच्या ड्रायव्हरला, प्रीतमला बोलवावं लागेल आणि तो सध्या पडवीत घावने खातो आहे.) इकडे सर्व ठीक. तुमची शुगर, वहिनींची कंबर आणि यार्डातले सगळे ट्रेलर बरे असतील असं धरून चालते. वहिनी सकाळी चालायला जातात का? जात नसतील तर माझं नाव सांगून पाठवा.

तुम्ही धाडलेली गाडी पोचली. अमिषाला संध्याकाळपर्यंत उरणला आणायचं, रविवारी पाहुणे तिला बघायला येणार, सोमवारपासून तिने आपल्या यार्डाच्या ऑफिसात बसायचं, हा निरोप प्रीतमने तुमच्याच आवाजात सांगितला. समजला. मोठ्या भावाला उलट उत्तर करायची मला सवय नाही. तुम्हा बापलेकीचं ठरलंच होतं की महिन्याभरात नोकरी ठरली तर ठीक, नाहीतर तिने मुकाट्याने घरी यायचं. मात्र त्या महिन्यातल्या मुलाखतीच्या अभ्यासाची जबाबदारी मी घेतली होती, तेव्हा तो कसा पार पडला हे सांगणं माझं काम आहे. प्रीतमला घाई नाही. पीठ बरंच भिजवलेलं आहे.

तिला व्हायचंय ते प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे काय, हे मी अमिषाला आल्याआल्या विचारलं. (तुम्ही विचारलं नसणार. नुसतं 'मॅनेजर' ऐकून खूश झाला असाल.) मोबाइलमधली ॲप बनवणारे वेगळे, विकणारे वेगळे आणि हा माणूस मधला. तो कोणाचाच साहेब नसतो, पण सगळ्यांच्या मागे लागून त्याने काम वेळेवर करून घ्यायचं आणि बिघडलं की बोलणी स्वतः खायची. म्हणजे शाळेत मी जन्मभर केलं तेच. फक्त मला हेडक्लार्क म्हणत.

अभ्यासाचं म्हणाल, तर पहिला दिवस तिने 'अभ्यास कसा करावा' याचे व्हिडिओ पाहण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी त्यावरून एक रंगीत तक्ता केला. तिसऱ्या दिवशी तक्त्याचे रंग आवडेनात म्हणून ते बदलले. चौथ्या दिवशी तिने विश्रांती घेतली, कारण व्हिडिओत विश्रांतीचं फार महत्त्व सांगितलं होतं. मग मात्र मी पदर खोचला. अख्ख्या शाळेचं वेळापत्रक जिने बसवलं (आणि त्यात कवायतीच्या सरांनासुद्धा बसवलं), तिला एक मुलगी जड नव्हे. सकाळी अंदाजाची गणितं, मग 'ही वस्तू सुधारून दाखवा', जेवणानंतर 'स्वतःबद्दल सांगा', संध्याकाळी रंगीत तालीम. मोबाइल तांदळाच्या डब्यात. प्रत्येक तासाला घंटा. निवृत्त होताना शाळेने मला जुनी पितळी घंटा भेट दिली होती, ती कामी आली. घराखालच्या धक्क्यावर लाँच सुटताना खलाशीही घंटाच मारतो, हे माझ्या लक्षात आलं नाही. पहिल्याच टोल्याला धक्क्यावरची माणसं टोपल्या सांभाळत धावत सुटली. एक गृहस्थ फक्त सासूला सोडायला आले होते, ते सासूबरोबर भाऊच्या धक्क्याला पोचले. दुसऱ्या दिवशी लाँचवाले घरी आले. (मी त्यांना चहा दिला आणि त्यांच्या लाँचच्या वेळा कशा चुकीच्या आहेत ते समजावलं. ते चहा अर्धा टाकून गेले.) तेव्हापासून मी टाळ्या वाजवते.

अंदाजाच्या गणिताची तर वेगळीच तऱ्हा. धक्क्यावर दिवसाला वडापाव किती खपत असतील, असा प्रश्न अमिषाने स्वतःलाच घातला आणि कागदावर लाँचच्या फेऱ्या, माणसं, भुका असं काय काय मांडत बसली. मी चपला घातल्या, अंबाजीच्या टपरीवर गेले, त्यालाच विचारलं आणि उत्तर घेऊन आले. तर म्हणते, "आत्या, विचारायचं नसतं गं! अंदाज कसा केला ते त्यांना बघायचं असतं." माणूस समोर उभा असताना त्याला न विचारता त्याच्याबद्दल अंदाज करायचा, याचे पगार देतात, दादा! तिकडे अंबाजीला वाटलं मी सरकारतर्फे चौकशी करते आहे. तेव्हापासून तो माझ्यासमोर वडे तळत नाही, तेल तापवून नुसता उभा राहतो.

तालमीसाठी परीक्षक हवेत म्हणून शेजारच्या जनीला बोलावलं. (कोळीण आहे, बाजारात तिच्यापुढे भाव पाडायची कोणाची छाती नाही.) अमिषाने तिला आधी नमुन्याचा प्रश्न सांगितला, लहान मुलांसाठी एटीएम कसं बनवाल? जनी पाट ओढून बसली. "पोरांना एटीएम कशाला गो? त्यांचे बापाला हाय ना!" मग तिने स्वतःचे प्रश्न काढले. नोकरी लागली तर डबा कोण करणार, साहेब ओरडला तर तू काय बोलणार, आणि आदल्या नोकरीतून काढली की सोडलीस, खरं सांग. अमिषाला घाम फुटला. जनी तिला नापास करून, उद्या परत ये म्हणून, आपल्याच घरी निघाली. 'तुमचं एक अपयश सांगा' हा प्रश्न मात्र मी अभ्यासक्रमातूनच काढून टाकला. नोकरी मागायला जाऊन अपयश सांगायचं? हा काय शहाणपणा आहे?

एवढं करूनही गाडी रुळावर येईना. सोमवारी दहाचा तास इतका शांत की पेन पडलं तर ऐकू यावं. गुरुवारी त्याच दहाला घराखाली होड्या लागलेल्या, लिलाव चाललेला, बर्फ फोडणं चाललेलं आणि जनी कोणाचा तरी उद्धार करते आहे. मी खिडकीतून सर्वांना दम दिला. जनी खालून म्हणाली, "बाई, पाण्याला सांगा ना! पानी आलं की आमी येनार." इथे इतकी वर्षं राहून मी घड्याळ पाहत होते आणि सगळं बंदर भरती पाहत होतं. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, म्हणून आमचा कल्लाही पाऊण तास पुढे सरकतो. मग अमिषानेच पंचांग मागून घेतलं आणि नवं वेळापत्रक केलं. भरतीला व्हिडिओ, जेवण आणि जनी. ओहोटीला खरा अभ्यास. रोजचे तास पाण्याबरोबर पुढे. शिस्तीच्या दृष्टीने हा शुद्ध गोंधळ आहे. अभ्यास मात्र असा झाला की मुलगी झोपेत गणितं बोलायला लागली.

आता मुख्य गोष्ट. कंपनीचा फोन आला तेव्हा ओहोटी होती, म्हणजे मोबाइल डब्यात होता. तांदूळ वाजायला लागला म्हणून मीच घेतला. पलीकडची मुलगी गोड होती. मी अष्टमीची ओहोटी पाहून, शुक्रवारी दुपारी बारा, अशी शांत वेळ दिली. दोन दिवसांनी तिचा पुन्हा फोन. जरा पुढे ढकलूया, पुढच्या शुक्रवारी, तीच वेळ. 'तीच वेळ' ऐकून मला इतकं बरं वाटलं (कोणीतरी वेळ पाळणारं भेटलं!) की मी लगेच हो म्हटलं. दादा, आठवड्याने त्याच वेळी पाणी बरोबर उलटं असतं, हे रेवसच्या शेंबड्या पोरालाही कळतं. तो पुढचा शुक्रवार म्हणजे आज. आज पौर्णिमा, भर उधाण. हे लिहिताना खाली पापलेटावरून भांडण चालू आहे, लाँच भोंगा देते आहे आणि जनीचा आवाज दोघांच्याही वर आहे. घरात मुलाखत देणं अशक्य.

पण तुमचा निरोप मी मोडलेला नाही. प्रीतम आला त्या क्षणी अमिषाला तयार केलं, नीट साडी नेसवली आणि तुमच्या गाडीत बसवलं. काचा बंद, एसी चालू. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद आणि तुम्हाला पथ्य सांभाळण्याची ताकीद.

तुमची आज्ञेतली बहीण,
सुचिता

ता. क. गाडी अंगणातच उभी आहे. आत मोबाइलवर मुलाखत चालू आहे. या गाडीत बाहेरचा आवाज येत नाही असं तुम्ही गाडी घेतल्याचे पेढे वाटताना सांगत होतात, ते खरं निघालं. प्रीतमला पाचवं घावन वाढलं.

ता. क. २. मी कान लावलेला नाही. काच पुसत होते, पुसताना कान काचेला टेकला. त्यांनी नेमकं अपयशच विचारलं. आणि या कार्टीने माझं वेळापत्रक सांगितलं! एका अनुभवी पण हट्टी बाईंनी माणसं कशी जगतात ते न बघता त्यांच्यावर घड्याळ लादलं, मग आम्ही पाण्याप्रमाणे तास कसे सरकवले, वगैरे. पलीकडचे लोक हसत होते. त्या बाईंचं यावर काय म्हणणं, असं एकाने विचारलं. मी दार उघडून सांगितलं, "हट्टी नाही, शिस्तीची." दार उघडल्यामुळे जनीही आत ऐकू गेली. पण त्यांना ती आवडली.

ता. क. ३. पास! शेवटची फेरी सोमवारी दुपारी. वेळ अमिषाने स्वतः घेतली, पण सोमवारीही दुपारी पाणी चढतंच, तेव्हा गाडी लागणार. ती मी ठेवून घेते आहे. पाहुण्यांना कळवा की रविवारी मुलगी मोकळी नाही, तिची जनीपुढे तालीम आहे. त्यांना फारच घाई असेल तर मुलाला इकडे पाठवावं. जनी त्याचीही मुलाखत घेईल.

ता. क. ४. हे पत्र प्रीतम आणतो आहे. तो लाँचने खाडीपलीकडे करंजाला उतरेल, तिथून त्याला घ्यायला कोणीतरी पाठवा. त्याच्यावर रागावू नये. त्याने शेवटपर्यंत विरोध केला, पण गाडीची चावी तांदळाच्या डब्यात आहे आणि डब्यावर मी बसले आहे.