दर बुधवारी मार्गदर्शन

२ ऑगस्ट

मला मार्गदर्शक मिळाले! नवी योजना निघाली आहे — सर्जरीच्या पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाला एकेक सीनियर. माझ्या वाट्याला थेट आमच्या युनिटचे मोठे सर. भिंतीपुढे उभं करून फोटो काढला. सरांचा हात माझ्या खांद्यावर, डोळे स्वतःच्या फोनवर. लगेच नोटीस बोर्डावर लागलासुद्धा. खाली ठळक अक्षरांत: 'तुम्ही एकटे नाही.'

माझी रूममेट भूल द्यायला शिकते, म्हणून तिला सगळे निद्रादेवी म्हणतात. फोटो बघून म्हणाली, "हात ठेवलाय की टेकू घेतलाय?"

९ ऑगस्ट

पहिला बुधवार. केबिनबाहेर तासभर ताटकळले. आत गेले तर सरांना फोन. फोन संपला तर राउंडची वेळ. "पुढच्या बुधवारी निवांत बोलू हं, बाळ."

१६ ऑगस्ट

निवांत नाही बोललो.

२४ ऑगस्ट

कालचा बुधवारही कोरडाच.

एप्रन अंगावर लोंबतोय. खाते तर बकासुरासारखी, तरी वजन उतरतंय. धावपळ, दुसरं काय! पंखा पूर्ण सोडला तरी घाम. निद्रादेवी पलीकडे पांघरुणात कुडकुडते आणि मला शिव्या घालते.

आईचा फोन होता. जेवलीस का, एवढंच विचारलं तिने. मी खेकसले तिच्यावर! ती हळूच म्हणाली — "अगं, तू अशी नव्हतीस गं." फोन ठेवला आणि रडत बसले.

३० ऑगस्ट

आज सर बोलले! म्हणजे ऐकलं त्यांनी. दार लावलं, फोन पालथा ठेवला. "मोकळेपणी सांग. या चार भिंतींबाहेर काही जाणार नाही."

सांगून टाकलं. टाके घालताना हात थरथरतात. आधी असं नव्हतं. छातीत धडधडतं. झोप लागत नाही. कशानेही डोकं फिरतं.

समोर बसून नीट बघत होते माझ्याकडे. मग म्हणाले, "ताण आहे. सगळ्यांना असतो. श्वासावर लक्ष दे." मग 'आमच्या वेळी' सुरू झालं. आमच्या वेळी आम्ही घरी जायचो नाही, आमच्या वेळी तक्रार नावाचा शब्द नव्हता... चालायचंच. कोणीतरी ऐकलं! जिना उतरताना हलकं वाटलं.

७ सप्टेंबर

ऑपरेशन थिएटरमधून मला काढलं. आता फक्त वॉर्ड — ड्रेसिंग करा, सलाईन लावा. विभागप्रमुखांनी बोलावून सांगितलं. "हात थरथरतात म्हणे तुझे? तुझ्या सरांनीच कानावर घातलं. काळजीपोटी हो!"

काळजीपोटी! चार भिंतींना कान नव्हते, तोंड होतं.

खरं सांगायचं तर असला हात मीही कोणाच्या पोटात घालू दिला नसता. पेशंटचा जीव आहे, चेष्टा नाही. काढा मला. पण आधी मला सांगा की! तोंडावर! माझं बोलणं माझ्यामागे नेऊन विकायचं, आणि वर काळजीचा मुलामा!

८ सप्टेंबर

झोप नाही. राग आहे, पोटभर.

१३ सप्टेंबर

बुधवार. केबिनमध्ये नाही, वॉर्डातच मार्गदर्शन झालं. राउंडला सगळे विद्यार्थी गोळा. सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं — "सर्जरी येऱ्यागबाळ्याचं काम नाही. ताण पेलता आला पाहिजे. नाहीतर हे असं होतं."

"तुम्ही मार्गदर्शक नाही, चहाडखोर आहात!"

मी बोलले हे. ओरडलेच. हर्नियाच्या आजोबांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली. सिस्टरच्या हातातला ट्रे तसाच. सर शांत. "बघितलंत?" एवढंच म्हणाले विद्यार्थ्यांना.

तडक ऑफिसात जाऊन राजीनामा दिला. मग जिन्यात जाऊन बसले. आईने मला डॉक्टर करण्यासाठी किती खस्ता खाल्ल्या — तिला काय सांगू?

१५ सप्टेंबर

सामान बांधत होते. तहान लागली म्हणून बेसिनशी उभी राहून पाणी प्यायले. समोर आरसा. घोट घेतला तसा गळ्यावर एक फुगवटा वर सरकला, परत खाली आला.

पुन्हा घोट. पुन्हा वर, खाली.

मनगटावर बोटं ठेवली. नुसती उभी होते, तरी नाडी चौखूर उधळलेली!

निद्रादेवीला हाक मारली. तिने गळा चाचपला. तिचा चेहरा उतरला. "मी तुझ्या शेजारी झोपते गं. पंख्यावरून भांडत बसले..."

तू एकटीच का? मी स्वतः काय करत होते? दुसऱ्या कोणी हीच लक्षणं सांगितली असती तर मीच धडाधड ओळखलं असतं. दिव्याखाली अंधार!

१८ सप्टेंबर

रिपोर्ट आला. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी पिसाळलीय. गोळ्या सुरू. "काही आठवड्यांत हात ठिकाणावर येतील," मेडिसिनच्या मॅडम म्हणाल्या. "झोपही येईल. रागही उतरेल."

रागही! म्हणजे मागच्या पानांवरचा राग त्या ग्रंथीचा की माझा? आईवर ओरडले, तो कोणाचा आवाज? सरांना भर वॉर्डात नको ते बोलले. बिचाऱ्यांना तरी काय ठाऊक? वरून कोणालाही ताणच वाटला असता. माणूस कामाच्या ओझ्याखाली, त्यात मी गळ्यात मारलेली.

आईला फोन केला. खूप वेळ बोललो. आज मी ओरडले नाही, तीच ओरडली — स्वतःकडे लक्ष दिलं नाही म्हणून!

उद्या सरांची माफी मागायची. राजीनामा मागे घ्यायचा.

१९ सप्टेंबर

सरांनी रिपोर्ट वाचला. मान डोलावली. "मला शंका होतीच. तू त्या दिवशी समोर बसलीस ना, तेव्हाच गळ्याची सूज जाणवली होती मला."

"मग बोलला का नाहीत, सर?"

"अगं, मी तुझा मार्गदर्शक. तुझा डॉक्टर थोडाच आहे?"