अडतीस सूर्य

४ फेब्रुवारी, मंगळवार
अंगाची हालचाल ओळखणाऱ्या माझ्या कॅमेऱ्याने आज मला पाहिलं! शाळेच्या अडगळीच्या खोलीत उभी राहिले, दोन्ही हात डोक्यावर नेले – समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टरचा सूर्य पेटला. स्वतःभोवती वळले, सूर्य सरकत गेला आणि रात्र झाली. एकटीच हसत सुटले.

मोठ्या बाई म्हणाल्या, शनिवारी चौथीला दाखव. जमलं तर खोली तुझी, नाहीतर मोडकी बाकं परत आत.

ऑफिसच्या नोकरीचं पत्र उशाशी आहे. शनिवारपर्यंत काय ते कळवायचं. घरातली पहिली पदवीधर मी. टेबल-खुर्ची सोडून पोरांत उड्या कशाला, हे आईचं म्हणणं. बाबा मात्र म्हणाले, "मी अजून दहा वर्षं भिंती रंगवतोय. तू तारे दाखव."

५ फेब्रुवारी
चौथीतली चिमणी पृथ्वी झाली, तिची मैत्रीण चंद्र. चंद्राने पृथ्वीकडेच तोंड ठेवून फिरायचं, हे सांगून घसा बसला. चंद्र फळ्यावर आपटला. "बाई, मला मागचं कसं दिसणार?" खरंच की!

६ फेब्रुवारी
कामावरून बाबा थेट शाळेत आले. त्यांनाच कॅमेऱ्यापुढे उभं केलं. फोटोला राहतात तसे ताठ. "शिकलीस ती बापाला नाचवायला का गं?"

सूर्य लालसरच राहिला, पेटेना. पडद्यावर रेघांचा माणूस दिसतो, त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. कॅमेरा खाली घेतला, मागे नेला, दोनदा सगळं पहिल्यापासून केलं. बाबा म्हणाले, यंत्र कच्चं आहे तुझं, मुलांपुढे हसं करून घेऊ नकोस.

७ फेब्रुवारी
दिवसभर शोधलं. दोष सापडत नाही. उद्या एखाद्या मुलाचा सूर्य असाच अडला तर?

८ फेब्रुवारी, शनिवार
अडतीस मुलं, अडतीस सूर्य! मोठ्या बाईंचाही पेटला, चष्मा सावरत. चिमणी गोल फिरली, थांबली, विचारात पडली. म्हणाली, "बाई, सूर्य जागचा हललाच नाही. मीच वळले."

बस्स. एवढ्यासाठीच तर!

खोली माझी. घरी येतानाच ऑफिसला नकार कळवला. बाबांनी पाठीवर थाप मारली.

९ फेब्रुवारी
सकाळी बाबा डाव्या हाताने केस विंचरत होते. आईला विचारलं. ती म्हणाली, "तीन महिने झाले यांचा उजवा हात वर जात नाही. तू नकार कळवेपर्यंत बोलायचं नाही, अशी शपथ घातली होती त्यांनी मला."